वरच्या फळीवरचे कोष

१

मादनहट्टीत काहीच वाया जात नाही. अळ्यांनी पाला खाऊन टाकलेल्या तुतीच्या काड्या चुलीत जातात, अळ्यांच्या लेंड्या म्हशीपुढे जातात, म्हशीचं शेण परत तुतीच्या मुळाशी जातं. कोष उकळून धागा काढला की आतला किडा कोंबडीच्या पोटात जातो, आणि कोंबडी कुठे जाते ते त्या गावच्या जावयांना विचारावं. भांडणसुद्धा वाया जात नाही. एका घरात मिटलं की शेजारी उचलून नेतात.

अशा गावात त्या बुधवारी सकाळी निंगम्माच्या अळीघरात पन्नास हजार अळ्या नुसत्या वाया बसल्या होत्या.

मेल्या असत्या तर एक वेळ रडून मोकळं होता आलं असतं. या जिवंत होत्या आणि खात होत्या. चौथा ज्वर उतरून (अळी कात टाकायला निपचित पडते, त्याला तिकडे ज्वरच म्हणतात) चौदा दिवस उलटले होते. आठव्या दिवशी अळीनं पिकून पिवळं व्हावं, मान वर करून धागा सोडावा, ही देवानं घालून दिलेली रीत. या मात्र अंगठ्याएवढ्या झाल्या, तरी पिकायचं नाव नाही. लग्नाच्या पंगतीत हजार माणसं एकदम पापड मोडत असावीत, तसा आवाज त्या घरातून चौदा दिवस अखंड येत होता.

बोरलिंगय्या दारात पाय धुऊन आत आला. तीस वर्षं सायकलवर गावोगाव हिंडून यानं लोकांना अळ्या पाळायला शिकवलं होतं, म्हणून निवृत्त झाल्यावरही त्याचं नाव ‘अळी-मास्तर’च राहिलं. रस्त्यावरून नुसता आवाज ऐकून अळ्या कितव्या ज्वरात आहेत ते सांगतो, असा त्याचा दावा होता. त्यातलं निम्मं खोटं होतं. कुठलं निम्मं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

“या मास्तर, या,” निंगम्मा म्हणाली. ती उंचीला चार फूट आणि आवाजाला चाळीस. “बघा तुम्ही आणलेल्या सुनेचे प्रताप!”

नेत्रावतीचं स्थळ त्यानंच आणलं होतं. पोरीचा बाप त्याचा जिवलग; मरताना हात धरून म्हणाला होता, हिला चांगल्या घरी दे. वर्ष झालं होतं त्याला.

“तिनं काय केलं, निंगक्का?”

“काय करायचं ठेवलं? पिकाच्या ऐन दिवसांत चार दिवस बाजूला बसली होती. ती गुपचूप इथं शिरली. विटाळ झाला अळ्यांना! विचारा तिला, तोंड उघडते का बघा.”

दाराबाहेर नेत्रावती खांबाला टेकून उभी होती. पोरगी शेवग्याच्या शेंगेसारखी उंच. दारातून यायचं तर वाकावं लागे. तिचा नवरा होंबेगौडा शेजारीच उभा राहून खांबाचा रंग नखानं खरवडत होता.

“उद्या दुपारी हिचा भाऊ टेम्पो घेऊन येतोय,” निंगम्मानं जाहीर केलं. “पेटी, भांडी, हिच्या आईनं दिलेला तो मेला मिक्सर, सगळं घेऊन जाईल. गेली ती गेली. पुन्हा या उंबऱ्यात पाय नाही.”

“होंबे, तू काय म्हणतोस?”

“मी कुठं इथं होतो मास्तर,” होंबेगौडा म्हणाला. “ते चार दिवस मी बहिणीच्या घरभरणीला मंड्याला गेलो होतो.” आणि तो पुन्हा रंग खरवडू लागला.

बोरलिंगय्यानं कपाळाचा घाम पुसायला मान वर केली, आणि तशीच वर राहिली. मांडणीच्या सगळ्यात वरच्या, चौथ्या फळीवर पांढरे शुभ्र कोष दाटीवाटीनं चमकत होते.

२

तो स्टुलावर चढला. खोटं नव्हतं. खालच्या तीन फळ्यांवर एक कोष नाही, आणि वरच्या फळीवर एक अळी शिल्लक नाही. सगळ्यांनी वेळेवर विणून, दार लावून घेतलं होतं.

“हे कसं?” त्यानं विचारलं.

“मारम्मा देवीची कृपा,” निंगम्मा म्हणाली. “मी नवस बोलले होते.”

“नवस एकाच फळीसाठी बोललीस?”

“मास्तर, चेष्टा नको. माझं काळीज जळतंय.”

जळत तर त्याचंही होतं. ही अंडी त्याच्याच सांगण्यावरून आणली होती. अंड्यातच खोट निघाली असती तर पोरीऐवजी त्यालाच टेम्पोत घालावं लागलं असतं. पण भिंतीपलीकडे निंगम्माचा थोरला मुलगा करिगौडा राहत होता. तीच अंडी दोघा भावांनी निम्मी-निम्मी वाटून घेतलेली, पाला एकाच मळ्यातला, आणि करिगौडाचे कोष कालच बाजारात जाऊन आले होते. म्हणजे अंडी चांगली, पाला चांगला. मास्तराला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

त्यानं एक अळी तळहातावर घेतली. तंबाखूचा वास लागला असता तर ती हिरवं ओकून मेली असती. रोग असता तर काळी पडून घाण सुटली असती. ही गुबगुबीत, टवटवीत, आणि हावरट. तिला कुणी मारलं नव्हतं. मोठं होऊ दिलं नव्हतं, एवढंच.

तीस वर्षांत असलं विष त्यानं पाहिलं नव्हतं. विष असलंच तर ते तिसऱ्या फळीपर्यंत चढलं होतं आणि तिथं दमलं होतं.

बाहेर पडताना त्याच्या पायाला काहीतरी टोचलं. उंबऱ्याच्या फटीत सुकलेलं लिंबू होतं, आणि त्यात सात टाचण्या.

३

“लिंबू माझंच आहे,” करिगौडाची बायको चेलुवम्मा म्हणाली. नाचणीच्या उंड्यांना गोल आकार देताना तिचे हात थांबले नाहीत. “ठेवलं तर काय झालं?”

“जावेच्या उंबऱ्यात टाचण्या टोचून?”

“तिची नजर माझ्या अळ्यांना लागू नये म्हणून. तिचं वाकडं व्हावं म्हणून असतं तर नऊ टाचण्या लावल्या असत्या. एवढंही माहीत नाही तुम्हाला?”

मास्तराला खरंच माहीत नव्हतं. “तिच्या अळीघरात गेली होतीस का?”

“मी कशाला जाऊ? माझ्या अळ्यांना मी पाला घालू की त्यांच्या? आमच्या सासूनं, अत्तेनं, ह्यांना सांगितलं होतं, वरच्या फळीला तेवढा पाला घाल, माझा हात पोचत नाही. होंबे गावाला गेला होता ना.”

“मग करिगौडानं घातला?”

“घातलाच असेल.” तिनं आवाज खाली आणला. खाली आणला म्हणजे आता फक्त पुढच्या गल्लीपर्यंत जात होता. “पण मास्तर, मी तिला पाहिलं हो. नेत्राला. तिसऱ्या दिवशी, अत्ते मळ्यात पाला तोडायला गेली तेव्हा. बाजूला बसलेली बाई, तरातरा उठली आणि अळीघरात शिरली. हातात काहीतरी होतं, पदराखाली. ह्याच डोळ्यांनी पाहिलं.”

“काय होतं हातात?”

“ते तिलाच विचारा. बाटली असेल, पुडी असेल. चांगलं असतं तर पदराखाली कशाला झाकलं असतं?”

बोरलिंगय्यानं समोर आलेलं कुळथाचं सार तसंच ठेवलं. तो कुळथाचं सार तसंच ठेवतो, हे गावानं प्रथमच पाहिलं.

४

निंगम्मा अंगणात कढीपत्त्याच्या सावलीत बसली होती. अळीघरातून येणारा तो कुरकुर आवाज तिला सोसवत नव्हता. पदराचं टोक कानाशी धरलं होतं. मास्तर तिच्यासमोर उकिडवा बसला.

“निंगक्का, ते चार दिवस मला पहिल्यापासून सांग. नेत्रा बाजूला बसली तो कितवा दिवस?”

“ज्वर उतरून दुसरा. पहाटे उठून हिनं बोअरवरनं हंडा भरला, अळीघरात नेऊन ठेवला, आणि मग हिला कळलं. आधी कळायला काय झालं होतं?”

“ते काय घड्याळ बघून येतं का? मग?”

“मग काय! भरलेला हंडा ह्या कढीपत्त्याला ओतला. तिच्या हातचं पाणी अळ्यांच्या पाल्यावर कसं मारू? अळी म्हणजे लक्ष्मी, मास्तर. तुम्हीच शिकवलंत ना, अळीघरात सोवळं पाळा?”

“मी स्वच्छता शिकवली होती,” मास्तर पुटपुटला.

“तेच ते.”

तेच ते नव्हतं, पण हा वाद तीस वर्षांचा होता आणि हाताशी एकच दिवस होता. “पाल्यावर पाणी मारलंस ना पण? एप्रिलचं ऊन. पाला तासाभरात कोमेजतो.”

“मारलं तर! चारही दिवस, तिन्ही वेळा. हे बघा, मी नारळाच्या करवंटीनं असं शिंपडायचे.” तिनं हात हवेत फिरवला. तो तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि परतला. “वरच्या फळीला हात पोचत नाही. तिथलं करी बघत होता. ती कोरडीच राहिली, तरी तिथंच कोष आले. देवीची कृपा नाही तर काय?”

मास्तर उठला, पुन्हा बसला. “पाणी कुठलं घेतलंस? बोअर चालू होती?”

“कसली बोअर! त्या आठवड्यात वीज होती कुठं दिवसा? हे काय, ही दारातली टाकी आहे की म्हशीची. काठोकाठ भरलेली होती. होंबेनं जायच्या आधी भरली होती, तिचा हात लागला नव्हता.”

मास्तरानं टाकीकडे पाहिलं. टाकीवरच्या भिंतीवर खडूनं काहीतरी लिहिलं होतं. जवळ गेला तर तारीख होती, आणि खाली फोन नंबर. तारीख नेत्रा बाजूला बसली त्याच्या आदल्या दिवसाची.

५

टाकीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि वर तरंगत होते नखाएवढे, स्वल्पविरामासारखे वाकडे जीव. डासाची अळी मोठी व्हायला लागली की असा आकडा होते आणि दोन दिवसांत त्यातून डास उडतो. हे आकडे मात्र उडाले नव्हते. नुसते मरून तरंगत होते, शेकड्यांनी.

मास्तरानं भिंतीवरचा नंबर फिरवला. डेंग्यूची साथ म्हणून घरोघर टाक्यांत औषध टाकत फिरणाऱ्या मुलीचा तो नंबर होता.

“पोरी, टाकीत टाकता त्या औषधानं डास मरतात का गं?”

“नाही आजोबा, अळ्या लगेच मरत नाहीत त्यानं,” ती म्हणाली. “त्यांना मोठंच होऊ देत नाही ते औषध. माणसाला, गुराला काही अपाय नाही. का? कुणी प्यायलं?”

“पन्नास हजार जणी प्यायल्या,” मास्तर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

एक प्रश्न तेवढा उरला होता, आणि तोच सगळ्यात वाईट होता. करिगौडा बांधावर भेटला. वरच्या फळीला पाला घातलास का, म्हटल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, “आईनं सांगितलं होतं खरं. पण आमच्याच अळ्यांची धावपळ. विसरलो बघा. का, उपाशी मेल्या का?”

उपाशी मेल्या नव्हत्या. चार दिवस कुणीतरी त्यांना खाऊ घातलं होतं.

नेत्रावती मागच्या खोलीत पेटीत साड्या भरत होती. मास्तर चौकटीत उभा राहिला.

“पोरी, पदराखाली तुतीचा पाला होता ना?”

तिचे हात थांबले. मग हळूच म्हणाली, “मामा, वरच्या अळ्या माना वर करून शोधत होत्या हो. खालून दिसायच्या. अत्तेचा हात पोचत नाही, भावजी येईनात. मी बाजूला बसलेली, सांगणार कुणाला? अत्ते मळ्यात गेली की दोन वेळा जाऊन टाकायची. पाणी मारायला वेळच नसायचा, तशीच पळायची.”

“अगं, मग हे सांग ना सगळ्यांना! तू हात लावलास तेवढ्याच विणल्या!”

“आणि आत शिरले होते हे कबूल करू?” ती कळवळून म्हणाली. “अत्तेला नुसता संशय आहे, तर टेम्पो बोलावलाय. खरं कळलं तर गावातलं देवीचं देऊळसुद्धा धुऊन काढतील. तुम्ही सांगणार नाही, मामा. बाबांची शपथ आहे तुम्हाला.”

कोडं सुटलं होतं, आणि तोंडाला कुलूप लागलं होतं.

६

गुरुवारी दुपारी टेम्पो आला. नेत्रावतीचा भाऊ शिवलिंगू खाली उतरला नाही. स्टिअरिंग धरून समोर बघत बसला. अंगणात शेजारपाजार जमला, कारण मी आधीच सांगितलं, त्या गावात काही वाया जात नाही.

बोरलिंगय्या मधोमध उभा राहिला. काल संध्याकाळपासून त्यानं एक घासही खाल्ला नव्हता. त्यानं टाकीतलं पाणी लोट्यात काढून सगळ्यांना दाखवलं. मेलेले आकडे दाखवले, भिंतीवरची तारीख दाखवली, औषधाचं सांगितलं.

“डासाची अळी काय, रेशमाची अळी काय, लांबची बहीणच. एकीचं मोठं होणं थांबलं, तसं दुसरीचंही थांबलं. भिंतीपलीकडे चेलुवम्मा आपल्या हंड्यातलं पाणी मारत होती. इथं टाकीतलं मारलं गेलं. कारण भरलेला चांगला हंडा कढीपत्त्याला ओतला होता.”

निंगम्मा हरणारी नव्हती.

“पाण्यानं?” ती म्हणाली. “म्हैस तेच पाणी पिते. ती काय पुन्हा रेडकू झाली?”

लोक हसले. मास्तर हसला नाही. “म्हशीला ते बाधत नाही. निंगक्का, तूच म्हणालीस, वरच्या फळीला तुझा हात पोचला नाही. तिथं पाणी पडलं नाही, तिथंच कोष आले.”

“मग पाला कुणी घातला तिथं? करीनं ना?”

“मी नाही,” करिगौडा मागून म्हणाला. “मी विसरलो होतो, आई.”

“विसरलास? चार दिवस? मग कुणी घातला?” निंगम्मा मास्तराकडे वळली. “बोला की! सगळं ठाऊक आहे ना तुम्हाला?”

मास्तरानं नेत्रावतीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शपथ मोडलीच असती. तो खाली मान घालून लोट्यातलं पाणी बघत राहिला. टेम्पोचं इंजिन तेवढं धडधडत होतं.

“मी घातला,” नेत्रावती म्हणाली.

चेलुवम्मानं तोंडावर हात घेतला.

“बाजूला बसलेली असताना घातला, अत्ते. चारही दिवस, दोन्ही वेळा. ह्याच हातानं. तुम्हाला वाटलं ते खरं आहे, मी शिरले होते.” “ज्या अळ्यांना माझा हात लागला, त्या वर आहेत. ज्यांना नाही लागला, त्या खाली आहेत. बघून घ्या.”

बघायला कुणी गेलं नाही. निंगम्मा एकटी गेली. आत स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ फक्त ते कुरकुर खाणं ऐकू येत राहिलं. होंबेगौडा पुढे झाला, बायकोची पेटी हातात घेतली, आणि ती टेम्पोत ठेवायची की घरात न्यायची हे न कळून तशीच धरून उभा राहिला.

“ठेवा टेम्पोत,” नेत्रावती त्याला म्हणाली.

“अगं, पण आता तर...”

“आता काय? मी काही केलं नाही, हे कळलं म्हणून राहू? काही केलं असतं तर? पुढच्या महिन्यात पुन्हा बाजूला बसेन, पुन्हा कुणाची तरी म्हैस आटेल. शिवा, दार उघड.”

ती टेम्पोत चढून भावाशेजारी बसली. मास्तरानं कोडं सोडवलं होतं, पोरीला निर्दोष ठरवलं होतं, आणि तरीही टेम्पो चाललाच होता. मित्राला वर गेल्यावर काय तोंड दाखवायचं, याचा तो विचार करू लागला.

शिवलिंगूनं गिअर टाकला, तोच घराचं पुढचं दार धाडकन उघडलं. अळीघरातून आतल्या आत घरात गेलेली निंगम्मा बाहेर आली. अंगावर जत्रेची हिरवी साडी, पायांत चपला, काखेत पिशवी. ती कुणाकडे न बघता थेट टेम्पोकडे गेली.

“आई, तू कुठं निघालीस?” होंबेगौडा ओरडला.

“विहिणीकडे. तोंडानं घालवली ती पायांनी आणायची असते.” मग मास्तराकडे वळून, “खालच्या सगळ्या अळ्या कोंबड्यांना घाला. वरचे कोष जपून उतरवा. आणि ह्या दोन्ही गाढवांना स्टुलावर चढायला शिकवा. तीस वर्षं काय शिकवलंत कोण जाणे!”

ती पायरीवर चढली. पुढच्या बाकावर जागा तिघांपुरती, तीही खेटून बसलं तर. नेत्रावती हलली नाही.

“अत्ते,” ती समोर बघत म्हणाली, “मी आज सकाळपासून बाजूला बसलेय. इथं बसलात तर खेटून बसावं लागेल. दीड तासाचा रस्ता आहे.”

निंगम्माचा एक पाय पायरीवर, एक हवेत. तिची बोटं आपोआप मोजायला लागली: गेल्या वेळचा दुसरा दिवस, मग चार, मग आठ. मोजणी दोन आठवड्यांपाशीच संपली. तिनं सुनेकडे रोखून पाहिलं. सून समोरच बघत होती, आणि तिच्या मानेची शीर उडत होती.

“खोटारडी,” निंगम्मा म्हणाली. मग पिशवी आत फेकून ती वर चढली. “आणि खरं असलं तरी सरक तिकडे. मला खिडकी लागते.”